बोरन्हाण ठरलंय, पण लेक सव्वा वर्षाची आहे. काय उधळायचं आणि काय खायला घालायचं?

रामबागची_सून | ४ जानेवारी, रात्री ११.१०

नमस्कार. आम्ही इंदूरला रामबागेत राहतो. लेक नुकतीच सव्वा वर्षाची झाली. पुढचे वर-खाली दात आलेत, एक दाढ हिरडीतून डोकावतेय, बाकी तोंड रिकामंच. संक्रांतीनंतरच्या पहिल्या रविवारी तिचं बोरन्हाण आहे. सासूबाईंनी हलव्याचे दागिने मागवलेत, काळं झबलं शिवून तयार आहे, अडोसपडोसच्या बारा-चौदा मुलांना सांगून झालंय.

गेल्या रविवारी सकाळी पोहे-जलेबी आणली होती. मी पाणी घ्यायला वळले तेवढ्यात हिने माझ्या बशीतला शेंगदाणा उचलून तोंडात टाकला. ठसका लागला, चेहरा लाल झाला, डोळ्यांतून पाणी. मी घाबरून बोट घातलं, तर दाणा आणखी मागे गेला. मग ओकारी आली आणि त्यात तो पडला. सगळं मिळून अर्धा मिनिटसुद्धा झालं नसेल, पण माझे हात संध्याकाळपर्यंत थरथरत होते.

तेव्हापासून मी सगळं मिक्सरमधून काढून देते. सासूबाई म्हणतात, अशानं पोर चावायला शिकणार कधी? तेही खरंच आहे. आणि आता बोरन्हाण! बोरं, उसाचे करवे, हरभरे, शेंगा, रेवड्या, गोळ्या, जे जे घशात अडकू शकतं ते सगळं तिच्या डोक्यावर ओतायचं आणि भोवती मुलांचा गलका. सासूबाईंना दुखवायचं नाही, त्यांनी फार हौसेनं मांडलंय. पण मला झोप लागत नाही. कुणी या वयात केलंय का? काय बदललंत? आणि रोजच्या जेवणाचं काय करू?

---

सुदामानगर_ताई | ५ जानेवारी, सकाळी ७.४५

आम्ही मागच्या वर्षी केलं, मुलगा तेव्हा दीड वर्षाचा होता. झेंडू आणि गुलाबाच्या पाकळ्या उधळल्या, फोटो तर उलट जास्त छान आले. बोरं आणि ऊस ताटात फक्त ओवाळायला ठेवले. सासूबाई आधी थोड्या नाराज होत्या, मग म्हणाल्या ताटात बोरं आहेत ना, झालं. रेवड्या आणि गोळ्या मात्र आणूच नकोस.

---

लोकमान्यनगरची_आजी | ५ जानेवारी, दुपारी २.३०

अगं, तुझं वाचलं आणि हातातलं वाटण तसंच ठेवून लिहायला बसले. मी सदुसष्ट वर्षांची. माझी दोन मुलं, तीन नातवंडं याच हातांनी वाढवली. चार वर्षांपूर्वीपर्यंत मला विचारलं असतंस तर मीही तुझ्या सासूबाईंसारखंच बोलले असते.

आमच्या धाकट्या नातीचं बोरन्हाण तेव्हा घरीच केलं. ती एक वर्ष आठ महिन्यांची. सियागंजातून रेवड्या आणि भुईमुगाच्या शेंगा आणल्या होत्या. सगळं नीट पार पडलं. आम्ही चार बायका चहूबाजूंनी लक्ष ठेवून होतो, तिच्या तोंडात काही जाऊ दिलं नाही. केर काढला, सतरंजी झटकली, हुश्श केलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी ती दिवाणापाशी खेळत होती. मी समोरच तांदूळ निवडत होते. एकदम ठसका लागला. असा जोराचा की बसल्या जागी पुढे वाकली. मी पाठ चोळली. अर्ध्या-पाऊण मिनिटानं खोकला थांबला, रडली, आणि पुन्हा खेळायला लागली. दिवाणाखाली वाकून पाहिलं तर फोडलेल्या शेंगेचं टरफल होतं आणि एकच दाणा. शेंग तर दोन दाण्यांची होती. मी मनाशी म्हटलं, गिळला असेल. सुनेला सांगितलंसुद्धा नाही. खोकला थांबला म्हणजे संपलं, असंच मला वाटलं होतं.

नंतर नऊ दिवस ती खोकत राहिली. रात्री छातीत बारीक शिटीसारखा आवाज यायचा. एका डॉक्टरांकडे नेलं, त्यांनी सर्दी-कफाचं औषध दिलं. ताप आला तेव्हा दुसऱ्यांकडे गेलो. त्या बाईंनी छातीला आधी एका बाजूनं, मग दुसऱ्या बाजूनं बराच वेळ नळी लावली आणि सुनेला विचारलं, 'हिला अलीकडे खाताना किंवा खेळताना ठसका लागला होता का?' सून नाही म्हणाली, कारण तिला ठाऊकच नव्हतं. मी मागे खुर्चीवर बसले होते. तोंडातून शब्द फुटायला मला किती जड गेलं ते माझं मला माहीत.

एक्स-रेमध्ये दाणा दिसला नाही. दाणा काही नाणं नव्हे, तो फोटोत उमटत नाही. पण उजवं फुप्फुस डाव्यापेक्षा जास्त फुगलेलं दिसत होतं. डॉक्टरीणबाईंनी समजावलं की श्वास घेताना श्वासनळी जराशी रुंद होते, हवा दाण्याच्या कडेनं आत जाते. सोडताना नळी आवळते आणि हवा आतच कोंडते. शिवाय दाण्याच्या तेलानं नळीचं अस्तर सुजतं, दाणा ओलाव्यानं फुगतो, म्हणून जितके दिवस राहील तितका त्रास. दुसऱ्या दिवशी पूर्ण भूल देऊन, तोंडातून दुर्बीण घालून तो काढला. अर्धाच दाणा होता, भिजून मऊ पडलेला. बाटलीत घालून आम्हाला दाखवला. माझ्या करंगळीच्या नखापेक्षा लहान.

तुझ्या लेकीच्या बाबतीत एक शंका मनात ठेव. ओकारीत पडला तो दाणा अख्खा होता का? तिला त्यानंतर खोकला, छातीत घरघर किंवा कारण नसताना ताप आला, तर डॉक्टरांना पहिलं वाक्य हेच सांग की रविवारी शेंगदाण्याचा ठसका लागला होता. त्यांनी विचारायची वाट बघू नकोस.

आता बोरन्हाणाचं. माझं ऐकशील तर कर, अवश्य कर. पण डोक्यावरून ओतू नकोस. एवढी पोरं त्या गलक्यात हमखास भोकाड पसरतात, नाहीतर खदखदून हसतात. दोन्हीत तोंड उघडं आणि श्वास जोरात आत. अशात वरून चुरमुरे पडले तरी ते श्वासाबरोबर जाऊ शकतात. म्हणून पाकळ्या, आणि त्याही खांद्यामागून पाठीवर. दोन-चार संत्री पायाशी ठेव, पोर त्यांना हात लावून खूश होते. हलव्याचा मुकुट आणि हार फोटोपुरता, तोही कुणाच्या तरी मांडीवर बसवून. हार ती तोंडात धरणारच, आणि चोखून दोरा ओला झाला की दाणे सुटतात. फोटो झाला की लगेच काढून कपाटात ठेव. इतर मुलांना शेंगा-रेवड्या उधळून लुटायला देऊ नकोस, पुड्या बांधून जाताना आयांच्या हातात दे. आणि सगळे गेल्यावर दिवाण, कपाट, सोफा सरकवून केर काढ. नुसता कुंचा आत घालून नव्हे, सरकवून.

रोजच्या जेवणाबद्दल सविस्तर लिहिते, कारण मिक्सरची पेज हा उपाय नाही. ती चावायला शिकली पाहिजे, पण मऊ गोष्टींवर. पुढच्या दातांनी पोर तुकडा तोडतं, पण भरडायला लागतात त्या मागच्या दाढा. दुसऱ्या दाढा दोन-अडीच वर्षांच्या सुमाराला येतात, आणि आल्या तरी नीट चावून खाण्याची सवय व्हायला चौथं वर्ष उजाडतं. म्हणजे तुकडा तोडता येतो पण बारीक करता येत नाही, असा हा दोन-तीन वर्षांचा काळ आहे.

माझी परीक्षा एकच: अंगठा आणि तर्जनीत धरून दाबलं की चिरडलं पाहिजे. गाजर कच्चं नाही, किसून किंवा वाफवून. सफरचंदाच्या कच्च्या फोडी नाहीत, किसून नाहीतर वाफवून. मटार उकडून एकेक चेपलेला. राजमा, छोले, हरभरे मऊ शिजवून, साल काढून, चमच्यानं मोडलेले. पनीरचा चौकोनी तुकडा दाताखाली रबरासारखा होतो, तो कुस्करून दे. ओलं खोबरं किसलेलं, काप नाही. मऊ पदार्थाचेही तुकडे अर्ध्या इंचापेक्षा मोठे नकोत.

द्राक्षाला मी सगळ्यात जास्त भिते. फेब्रुवारीत नाशिकची द्राक्षं इथे गल्लोगल्ली येतील. गोल, गुळगुळीत, दाबलं की आकार बदलणारं द्राक्ष घशात बुचासारखं बसतं. आडवं कापलं तर दोन गोल चकत्या होतात, त्या तितक्याच वाईट. उभं काप, मग पुन्हा उभं, म्हणजे चार लांब फोडी. पाच वर्षांपर्यंत हेच कर. लहान टोमॅटोलाही हेच.

पोहे घरी करशील तेव्हा शेंगदाणे तळून बाजूला काढ, मोठ्यांच्या बशीत वरून घाल. तिच्या पोह्यांत बारीक कूट, आणि तोही पोह्यांत ओलसर मिसळलेला, कोरडा वरून भुरभुरलेला नको. कोरडी पूड श्वासाबरोबर आत जाते. इंदुरी पोह्यांत बडीशेप, डाळिंबाचे दाणे, जाड शेव असते, ती सगळी तिच्या वाट्यातून वजा. मिरचीचे तुकडेही वेचून काढ, तिखटाच्या ठसक्यात तोंडातला घास भलतीकडे जातो. साबुदाण्याची खिचडी गोळा झालेली असेल तर दही घालून मोकळी आणि सैल कर.

आपल्याकडचा भुट्ट्याचा कीस मात्र या वयाला फार चांगला. कणीस किसूनच करतो आपण, वर दुधात शिजतो. जीरावन मसाला नको, मिरची नको, मोहरी बेताची. माझी तिन्ही नातवंडं त्यावर वाढली. पण उकडलेले अख्खे दाणे नकोत, भाजलेलं कणीस दातांनी सोलायला तर नकोच.

गुळाच्या पोळीच्या कडा काढून मधला मऊ भाग दुधात मोडून दे. तिळगुळाची कडक वडी आणि चिक्की मुळीच नाही. ऊस चघळायला नाही, रस दोन चमचे चालेल. बोराची बी काढून गर किसून कधी दिलास तर दे, पण मी दोन वर्षांपर्यंत दिलंच नाही. पोळी वरणात नीट भिजू दे. बेसनाचा लाडू टाळूला चिकटतो, तो दुधात कालवून.

शेंगदाणा घरातून हद्दपार करू नकोस. अंगाला सोसत असेल तर त्याचं वाटण पातळ करून भातात, भाकरीवर पातळ थर असं द्यायला हरकत नाही. चमचाभर घट्ट लगदा नको. अख्खा दाणा, काजू, बदाम, फुटाणे, पॉपकॉर्न हे पाच वर्षांपर्यंत नाही, असं आता आमच्या घरात ठरलेलं आहे आणि पाहुण्यांनाही आम्ही दारातच सांगतो.

आणि बसवून भरव. चिऊचा घास, काऊचा घास म्हणत मागे पळत भरवणं मी आयुष्यभर केलं. झोपाळ्यावर, गाडीत, गुदगुल्या करून तोंड उघडायला लावून. ते सगळं सोडलं. खाली पाटावर किंवा खुर्चीत ताठ बसवायचं, टीव्ही बंद, आणि एक मोठं माणूस समोर. पाणी घ्यायला उठायचं असेल तर बशी उचलून बरोबर न्यायची.

---

जुना_इंदूरकर | ५ जानेवारी, सायंकाळी ६.२०

लोकमान्यनगरच्या वहिनी, तुमचा अनुभव वाचून अंगावर काटा आला. आमच्या घरी सात भावंडांची बोरन्हाणं झाली, त्यामुळे हा विचार कधी मनात आला नव्हता. एक विचारतो. आमच्याकडे ठसका लागला की पाणी पाजायचे किंवा केळं चारायचे, म्हणजे अडकलेलं खाली उतरतं. ते बरोबर का? आणि पायाला धरून उलटं करायचे तेही पाहिलंय.

---

निवृत्त_परिचारिका | ५ जानेवारी, रात्री ९.००

काका, तिन्ही नको. घास अन्ननलिकेत नाही, श्वासनलिकेच्या तोंडाशी अडकलेला असतो. वरून पाणी किंवा केळं घातलं तर उरलेली वाटही बंद होते. उलटं धरून हलवण्यानं मूल हातातून निसटतं, मानेला इजा होते. मी बत्तीस वर्षं मुलांच्या विभागात काम केलं, त्यात जे शिकले ते लिहिते.

आधी बघा, आवाज आहे का. मूल जोरात खोकतंय, रडतंय, चेहरा लाल आहे, म्हणजे हवा जातेय. त्याला खोकू द्या, जवळ बसा, पुढे वाकलेलं राहू द्या, पाठ थोपटू नका, तोंडात बोट घालू नका. सूनबाई, त्या दिवशी तुमच्या लेकीचं हेच चाललं होतं. ती स्वतः बाहेर काढत होती, बोटानं दाणा मागे गेला. तुमचा दोष नाही, शंभरातल्या नव्वद आया हेच करतात. पण पुढच्या वेळी बोट तेव्हाच, जेव्हा वस्तू डोळ्यांना स्पष्ट दिसतेय आणि चिमटीत धरता येईल.

भीतीची गोष्ट आहे ती शांतता. तोंड उघडं, आवाज नाही, खोकला क्षीण, ओठ निळसर. तेव्हा एकानं १०८ ला फोन लावायचा आणि दुसऱ्यानं ताबडतोब सुरू करायचं.

तुमची लेक वर्षाच्या पुढची आहे, तिला मांडीवर पुढे झुकवा, डोकं छातीपेक्षा खाली, आणि दोन्ही खांद्यांच्या पात्यांच्या मध्ये तळहाताच्या टाचेनं पाच ठोके. प्रत्येक ठोका वेगळा, जोरकस, निघालं का ते बघत. नाही निघालं तर तिच्या मागे गुडघ्यांवर बसा, एक मूठ बेंबीच्या वर आणि छातीच्या हाडाच्या खाली ठेवा, दुसऱ्या हातानं ती धरा, आणि आत-वर असे पाच झटके. मग पुन्हा पाठीवर पाच. निघेपर्यंत किंवा मूल बेशुद्ध होईपर्यंत हेच आळीपाळीनं.

वर्षाच्या आतल्या बाळाला पोटावर झटके कधीही द्यायचे नाहीत, यकृताला इजा होते. त्याला हातावर पालथं, डोकं खाली, पाठीवर पाच ठोके. मग उताणं करून, स्तनाग्रांच्या रेषेच्या जरा खाली, छातीच्या हाडावर पाच दाब.

बेशुद्ध झालं तर कडक जमिनीवर झोपवून छातीदाब सुरू करायचे, तीस दाब आणि दोन श्वास. श्वास देण्याआधी दर वेळी तोंडात बघायचं, दिसलं तरच काढायचं. मदत येईपर्यंत थांबायचं नाही. पोटावर झटके दिले असतील तर मूल हसू-खेळू लागलं तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचं, आत मार लागलेला असू शकतो.

वाचून हे येत नाही, हातानं करून बघावं लागतं. घरातल्या उशीवर किंवा बाहुलीवर करून बघा, आणि जे बाळाला सांभाळतात त्या सगळ्यांनी बघा. आजी, तुम्हीही.

---

रामबागची_सून | ६ जानेवारी, सकाळी १०.१५

आजी, काल रात्री तुमचं लिहिलेलं मी सासूबाईंना मोठ्यानं वाचून दाखवलं. दिवाणाखालच्या एकाच दाण्यापाशी आल्यावर त्यांनी मला थांबवलं, उठल्या आणि आमचा दिवाण सरकवायला लागल्या. खाली दिवाळीच्या चिवड्यातले तीन शेंगदाणे, एक फुटाणा आणि पेनाचं टोपण निघालं. आम्ही दोघी त्याच्याकडे बघतच राहिलो.

पोह्यातला दाणा अख्खाच पडला होता, मी बशीत उचलून ठेवला होता म्हणून आठवतं. तरी आज तिला दाखवून आणणार आहे, आणि पहिलं वाक्य तेच सांगणार आहे.

परिचारिका ताई, तुमचं लिहिलेलं नवऱ्यानं कागदावर उतरवून फ्रिजला लावलंय. रात्री साडेदहाला आम्ही तिघं लेकीच्या कापडी हत्तीवर पाच ठोके मारत होतो. सासूबाईंचा हात सगळ्यात नेमका पडतो.

बोरन्हाणाला पाकळ्या आणि संत्री. एकच प्रश्न राहिला. चौदातली पाच मुलं तीन वर्षांच्या आतली आहेत. त्यांना खाऊ म्हणून काय ठेवू?

---

लोकमान्यनगरची_आजी | ६ जानेवारी, सकाळी ११.००

भुट्ट्याचा कीस कर. थंडीत कणसं मिळतात अजून, कोवळी बघून घे. ताटल्या खाली सतरंजीवर मांड, सगळ्यांना बसवूनच दे, आणि दूध जरा जास्त घालून सैलसर ठेव, गार झाल्यावर घट्ट होतो. आठ कणसं पुरतील.